सूज उतरली, मूठ वळली

क्रेनच्या शिडीवर मी अर्ध्यात अडकलो, तेव्हा सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या आमच्या मिलमध्ये छताखालून धावणारी मोठी क्रेन मी चालवायचो. तिच्या केबिनपर्यंत जायला भिंतीलगत लोखंडी शिडी आहे. त्या दिवशी उजव्या हाताने वरचा दांडा धरायला गेलो आणि बोटं मिटेनात. ती दुखायची, ते रोजचंच होतं. पण मिटणारच नाहीत हे नवीन होतं. वर जाता येईना, खाली उतरता येईना. खाली माणसं माना वर करून उभी राहिली.

शेवटी माझा जोडीदार शिडी चढून आला. तो जमिनीवर उभा राहून हाताच्या खुणांनी मला माल कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा ते दाखवायचा. माणूस इथलाच, छत्तीसगढी. त्याने मागून खांद्याचा टेकू देत देत मला एकेक पायरी उतरवलं. खाली आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "का होगे भइया?"

मी हात पुढे केला. बोटं पिकल्या केळ्यांसारखी टम्म झाली होती. त्याने ती पाहिली आणि मला बाकावर बसवलं.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील प्लांटमध्ये क्लार्क म्हणून लागले, माझं सगळं बालपण सेक्टर २च्या क्वार्टरमध्ये गेलं, आणि मीही त्याच प्लांटमध्ये लागलो. आता घर जुनवानीला आहे. घरात आई, बायको आणि मुलगी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही सगळेच खाणारे, त्यात माझी पाळीची नोकरी. कधी भल्या पहाटे जेवण, कधी दुपारी झोप. वजन वाढत वाढत एकशे तीस किलोच्या पुढे गेलं, तरी मला त्याची फारशी चिंता नव्हती. आमच्या खानदानात सगळेच भरलेले, असं आई म्हणायची आणि मलाही ते पटायचं.

मला चिंता होती ती कातडीची. लग्नानंतर काही वर्षांनी कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांच्यावर चंदेरी पापुद्रा धरायला लागला. मग गुडघे, नडग्या, डोकं. डॉक्टरांनी सोरायसिस म्हणून सांगितलं. हा कुणाला लागत नाही, आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती उलटी फिरून आपल्याच कातडीवर तुटून पडते, असंही समजावलं. पण हे मला समजावलं होतं, जगाला नाही. न्हाव्याच्या दुकानात माझ्या मानेभोवती जुना टॉवेल यायचा. कँटीनमध्ये माझ्या बाजूची खुर्ची बहुतेक रिकामी राहायची. भिलाईच्या मे महिन्यात, जेव्हा डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही मी पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून घालायचो.

मग तोच आजार सांध्यांत उतरला. आणि त्याच्या जोडीला डावा पाय. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात कुठे जरासं खरचटलं, की त्यातून जंतू शिरायचे, नडगी लाल होऊन तापायची, हुडहुडी भरून ताप यायचा आणि हॉस्पिटलात सलाईन लागायचं. एकाच पावसाळ्यात दोनदा भरती झालो होतो.

शिडीच्या प्रसंगानंतर प्लांटच्या डॉक्टरांनी तपासलं आणि उंचीवर चढायचं काम बंद केलं. मला टूल रूममध्ये बसवलं. पाने, हातोडे, साखळ्या द्यायच्या आणि परत घ्यायच्या. काम वाईट नव्हतं. पण वरून क्रेनचा भोंगा वाजला की माझी मान आपोआप वर जायची. दुसरं कुणीतरी माझी क्रेन चालवत होतं आणि नीट चालवत होतं, हे ऐकू यायचं.

एक दिवस एक नवा कामगार पाना न्यायला आला. मी पाना पुढे केला, तर त्याने खिशातून रुमाल काढला, पाना रुमालात धरला आणि तसाच घेऊन गेला. त्याच्या मनात काही वाईट नसेल, घाबरला असेल. पण त्या दिवशी डबा मी तसाच घरी परत आणला. बायकोने डबा उघडून पाहिला. ती शाळेत शिकवते, न बोललेलं ओळखायची तिला सवय आहे. म्हणाली, "उद्या सुट्टी टाका. त्वचेच्या डॉक्टरबाईकडे जाऊ. या वेळेस मी येते संगं."

डॉक्टरबाई अमरावतीच्या. गेली कित्येक वर्षं त्याच माझं बघत होत्या. मी आत जाताच त्यांनी बोटं दाबून पाहिली, पायाची नडगी पाहिली, रक्ताचे रिपोर्ट पुढ्यात ओढले. रक्तात सूज दाखवणारी एक तपासणी असते, सीआरपी. ती माझी नेहमीच कागदावर छापलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर असायची.

"तुम्ही प्लांटवाले, तुमच्या भाषेत सांगते," त्या म्हणाल्या. "तुमच्या शरीरात सायरन वाजून राहिलाय. आग नाही, धूर नाही, तरी वाजतोय. सगळे फायरवाले तुमच्याच कातडीवर, तुमच्याच सांध्यांवर पाणी मारत सुटलेत. आणि पायात जंतू शिरले, खरी आग लागली, की तिकडे धावायला कुणी मोकळं नसतं."

"मग सायरन बंद करा ना मॅडम."

"तेच तर करते इंजेक्शनांनी. पण इंजेक्शन दिलं की फायरवाले झोपतात आणि पाय पेटतो. इंजेक्शन थांबवलं की सांधे पेटतात. आतापर्यंत तुम्हीच पाहिलं आहे." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आपल्याला वाटतं पोटावरची चरबी नुसती पडून असते. ती पडून नसते. ती सतत रक्तात सूज वाढवणारे निरोप सोडत असते. सायरनचं बटण दाबून धरणारा एक हात तिथं आहे. तो हात काढायला पाहिजे."

"डाएट करून पाहिलं मॅडम. तीनदा."

"माहीत आहे. म्हणून वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल बोलते आहे. रायपूरला चांगले सर्जन आहेत."

बायकोने विचारलं, "त्यानं याहीचे चट्टे जातील?"

"खोटं सांगणार नाही. काहींचे खूप कमी होतात, काहींचे नाही होत. पण औषध लागू पडायला जागा तरी होईल. सध्या ती जागाच नाही."

घरी येऊन आईला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता थांबली. "पोट का कापडाची थैली हाय, कापून शिवून लहान करून टाकाले?"

"आई, पुष्कळ लोकं करून राहिले आता," बायको म्हणाली.

"लोकं का बी करोत. चट्टे हायत कातडीवर अन् कापून राहिले पोट? हे कोनतं डॉक्टरी? उपाशी मरन माह्यं पोरगं."

बायकोने तिला फायरवाल्यांची सगळी गोष्ट सांगितली. आईने ऐकून घेतली, पण पटल्याचं काही दाखवलं नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवशी तिने माझ्या ताटात नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त वाढल्या. मी त्या खाल्ल्या आणि मग सांगितलं, "आई, मी करून घेतो. मले पुन्हा वर चढाचं हाय." ती म्हणाली, "कर मंग. पन मले इचारू नको."

एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरलं. त्याआधी सांध्यांचं इंजेक्शन डॉक्टरांनी थांबवलं, म्हणजे जखम भरायला अडचण नको. त्या काही आठवड्यांत बोटं इतकी आखडली की शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. रायपूरला जाताना कुम्हारीजवळ गाडी ट्रकांच्या मागे अडकली. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. टपरीवर तेलातून गरम भजी निघत होती. मला हसू आलं आणि बायकोलाही. "बघून घ्या," ती म्हणाली, "मनसोक्त बघून घ्या."

ऑपरेशन नीट पार पडलं. पोटाला चार-पाच बारीक भोकं, आत जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी केलेली. पहिले काही आठवडे पाणी, ताक, डाळीचं वरचं पाणी, तेही घोट-घोट. दोन घोटांत पोट भरायचं. आयुष्यभर मी ज्याच्यामागे धावलो, ती भूक कुठे गेली ते कळेना. वजन मात्र उतरू लागलं. पँट कमरेला धरून चालावं लागायचं.

आणि मग एक दिवस सकाळी बायकोने माझी चादर गच्चीवर झटकली. रोज झटकली की पापुद्र्यांचा भुगा उडायचा. ती दुसरीकडे तोंड करूनच झटकायची. त्या दिवशी ती चादर हातात धरून तशीच खाली आली. "अहो, काहीच नाही पडलं," ती म्हणाली. "दोनदा झटकली. काहीच नाही."

आम्ही दोघांनी उजेडात माझे कोपर पाहिले. चट्टे होते, पण पापुद्रा पातळ झाला होता आणि कडा आत सरकल्या होत्या. रक्त तपासलं. सीआरपी पहिल्यांदाच मर्यादेच्या जवळ येऊन टेकली होती. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "इतक्या लवकर मलाही वाटलं नव्हतं." मी तिथून निघालो तो हवेतच. मला वाटलं, जिंकलो.

पण शरीर इतकं सोपं नसतं. पोळ्यापर्यंत माझे केस कंगव्यात झुपक्यांनी यायला लागले. जिना चढताना पाय थरथरायचे. अंड्याचा वास नको वाटायचा, डाळ तोंडात फिरायची, म्हणून मी दोन-तीन बिस्किटं आणि चहावर दिवस काढायचो, आणि वजन उतरतंय म्हणून सगळे, मी धरून, खूश होतो. पोळ्याच्या दिवशी शेजारून ठेठरी-खुरमी हा इकडचा फराळ आला, आईने पुरणपोळी केली. मी दोन घास खाल्ले आणि उलटून टाकले. दुसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली आग पेटल्यासारखी झाली. शर्ट वर करून पाहिलं तर पाठीपासून पोटाकडे पाण्याच्या फोडांची रांग.

आईने पाहिलं आणि तिच्या तोंडचा रंग उडाला. "नागीण हाय ही," ती म्हणाली. "दोन्ही टोकं मिळाली तर माणूस जाते." तिने देवघरातला गेरू उगाळायला घेतला. बायकोने वाटी तिच्या हातातून हळूच काढून घेतली आणि आम्ही तिघंही डॉक्टरबाईंकडे गेलो. आईने यायचा हट्टच धरला.

डॉक्टरबाईंनी लगेच औषध लिहून दिलं. मग रक्ताचे रिपोर्ट मागवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. प्रथिनं कमी, लोह कमी, बी-बारा आणि डी जीवनसत्त्व तळाला. मला वाटलं त्या ऑपरेशनला दोष देतील. त्यांनी दिला नाही.

"सायरन बंद झाला, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण फायरवाल्यांना तुम्ही खायलाच घालत नाही. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये झोपून असतो. पहारा ढिला पडला की तो उठतो, तोच हा. सूज कमी होणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं. पोट लहान झालं आहे, म्हणजे आता प्रत्येक घास कामाचा पाहिजे. चहा-बिस्किटाला जागा नाही. गोळ्या रोज, न चुकता, जन्मभर."

आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होती. अचानक तिने विचारलं, "किती खाऊ शकते हा एका टायमाले?"

"छोटी वाटीभर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अन् त्या वाटीत काय पायजे?"

"डाळ, अंडं, पनीर, दही, मासे, सोयाबीन. हे आधी. भात-पोळी नंतर, जागा उरली तर."

"अंड्याचा वास येते त्याले."

"मग वास येणार नाही असं करून द्या."

आई उठली. "चाल," ती मला म्हणाली, "आता मले समजलं."

त्या दिवसापासून आमच्या घरातलं स्वयंपाकघर बदललं. जिने जन्मभर मला भरपूर वाढण्यातच माया मानली, तिने आता थोडं वाढायला शिकून घेतलं. मुलीच्या भातुकलीतल्या म्हणाव्यात इतक्या लहान वाट्या तिने माळ्यावरून काढल्या. मुगाची डाळ भिजवून वाटून तिचा धिरड्यासारखा चीला, त्यात अंडं फेटून घातलेलं, वर आलं आणि कोथिंबीर, म्हणजे वास म्हणून येऊ नये. फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, जिऱ्याची पूड घालून. मसूर इतका मऊ घोटलेला की चावायचं कामच नाही. एकेक वाटी समोर ठेवायची आणि समोरच बसायची.

"हळू खा. चावून खा. कोनी मागं नाई लागलं."

"आई, झालं. पोट भरलं."

"बरं. दोन घंट्यानं पुन्हा देतो."

ती मला भरवत नव्हती, पण नजर घासावर असायची. नागीण सुकली. तिची दोन्ही टोकं काही मिळाली नाहीत. बरगडीखालची ठणक मात्र बरेच दिवस राहिली, पण तीही हळूहळू विझली. दिवाळीपर्यंत केस गळायचे थांबले. मी सकाळी जुनवानीच्या रस्त्याने चालायला लागलो, आधी कोपऱ्यापर्यंत, मग पार मोठ्या रस्त्यापर्यंत. वजन उतरत राहिलं, पण आता पाय थरथरत नव्हते.

थंडी पडली. थंडी म्हणजे माझा वैरी, दर हिवाळ्यात चट्टे फुटून रक्त यायचं. या हिवाळ्यात मी रोज कोपर पाहायचो आणि रोज ते तसेच शांत दिसायचे. फिकट गुलाबी डाग, हात फिरवला तर गुळगुळीत. डोक्यात मागच्या बाजूला एक चट्टा हट्टाने राहिला होता, तो अजूनही आहे. बाकी अंग माझं मला ओळखू येईना.

डिसेंबरात शहरभर तापाची साथ आली. आधी मुलगी शाळेतून घेऊन आली, मग बायको झोपली, मग आई. दरवर्षी घरात असं काही आलं की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दिवस मीच अंथरुणात असायचो, आणि त्याच्या शेपटाला पायाचं दुखणं ठरलेलं. या वेळी मला एक दिवस घसा खवखवला, थोडी कणकण आली, रात्री झोपलो आणि सकाळी उठलो तो साफ. घरात तिघी आडव्या आणि मी एकटा उभा.

मी खिचडी केली. कुकरचं झाकण लावताना लक्षात आलं, हे झाकण मी कितीतरी वर्षांत लावलं नव्हतं, मनगट फिरायचंच नाही. शिट्ट्या झाल्या, तिघींना वाढलं. आईच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली. मुलगी पांघरुणातून डोकं काढून हिंदीत म्हणाली, "पापा, आप बीमार नहीं हुए?" आमच्या घरात पोरीचं अर्धं बोलणं हिंदीतच असतं.

"नाही झालो," मी म्हणालो.

"कसं काय?"

आई डोळे मिटूनच बोलली, "माह्या हातचं खाऊन."

त्याच आठवड्यात भाजी चिरताना माझं बोट कापलं. पूर्वी असं कापलं की आठवडा-आठवडा चिघळायचं. मी पट्टी बांधली आणि विसरून गेलो. पट्टी सुटून पडली तेव्हा खाली बारीक रेघ राहिली होती, बस. ती रेघ मी बायकोला दाखवायला गेलो. तिने बोट पाहिलं आणि मग माझा पूर्ण हात हातात घेतला. "मूठ वळा बरं," ती म्हणाली.

मी वळली. अंगठा वरून आला, बोटांची पेरं तळहातात पूर्ण रुतली, नखं टोचली. दुखलं नाही. तिने दुसरा हात धरला. "ही बी वळा." तीही वळली. ती तापातून नुकतीच उठलेली, केस विस्कटलेले, आणि माझ्या दोन मुठी आपल्या हातांत धरून रडायला लागली. मग म्हणाली, "आता बटणं तुमचे तुम्ही लावजा." आणि मीही रडता रडता हसलो.

डॉक्टरबाईंनी सगळे रिपोर्ट पाहिले. सूज मर्यादेच्या आत. लोह, बी-बारा, सगळं जागेवर. आता मला आठवड्याला एक साधी गोळी, डोक्याच्या चट्ट्याला मलम आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या एवढंच होतं, मोठं इंजेक्शन पुन्हा लागलंच नव्हतं. "बरा झालो म्हणायचं का?" मी विचारलं. "आजार शांत आहे म्हणा," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, मी नाही अडवणार." मग त्यांनी प्लांटच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली.

प्लांटच्या डॉक्टरांनी मला उठाबशा काढायला लावल्या, पंजा लढवायला लावला, छाती तपासली, कान तपासले. मग म्हणाले, "कागद पर ठीक है. मैं ख़ुद देखूँगा." आणि ते माझ्याबरोबर मिलमध्ये आले.

बातमी माझ्या आधी पोचली होती. बेमध्ये, म्हणजे क्रेनखालच्या लांबलचक दालनात, माणसं कामं सोडून उभी राहिली. जोडीदार शिडीच्या पायथ्याशी होता, गरज पडली तर मागून चढायच्या तयारीत. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली. दांडा धरला. लोखंड थंड होतं आणि माझी बोटं त्याच्याभोवती पूर्ण बंद झाली. मी घाई केली नाही. हात, पाय, हात, पाय. अर्ध्यात पोचलो तेव्हा खालचा गलका थांबला. मी थांबलो नाही. गुडघे कुरकुरले नाहीत. धाप लागली ती माणसाला लागते तेवढीच. वर जाळीच्या पायवाटेवर पाय ठेवला आणि खाली टाळ्या सुरू झाल्या. छताखाली टाळ्या फार मोठ्या घुमतात.

केबिनमध्ये बसलो. पूर्वी पोट आणि हँडल यांच्यामध्ये वीतभर जागा राहायची नाही. आता सीट पुढे ओढून घ्यावी लागली. खाली जोडीदार मोकळ्या जागी येऊन उभा राहिला, हात वर केला आणि बोट गोल फिरवून उचलायची खूण दिली. मी भोंगा वाजवला. हूक खाली गेला, माल ताणला गेला, जमिनीपासून सुटला. जराही झोका न देता मी तो बेच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि अशा हलक्या हाताने ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही. जोडीदाराने दोन्ही हात डोक्यावर उचलून जोरात ओरडून काहीतरी म्हटलं. काचेतून ऐकू आलं नाही. नंतर सगळ्यांनी सांगितलं की तो "चढ़ गे भइया, चढ़ गे!" असं ओरडत बेभर फिरला.

नव्या वर्षात प्लांटमधल्या शॉप-शॉपच्या, म्हणजे विभागा-विभागांच्या, क्रीडास्पर्धा होत्या. आमच्या मिलचा रस्सीखेचीचा संघ बनत होता. मी नाव द्यायला गेलो, तर कप्तान हसला. "तुम तो हल्के हो गए यार. जब वज़न था तब आए नहीं."

"तेव्हा दोर धरता येत नव्हता," मी म्हणालो. "आता धरून बघ."

त्याने तिथेच पडलेल्या दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः ओढलं. ओढत राहिला. मग म्हणाला, "आगे खड़ा हो जाना. सबसे आगे."

मी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "हातमोजे घाला. आणि जिंकून या."

सेक्टरच्या मैदानावर सगळं घर आलं होतं. आई शेंगा सोलत बसली होती, पण शिट्टी वाजताच शेंगा मांडीवरून सांडून उभी राहिली. पहिली ओढ आम्ही हरलो. दुसरी जिंकलो. तिसऱ्या वेळी दोर कितीतरी वेळ जागचा हलेना. माझ्या टाचा मातीत रुतल्या होत्या, समोरच्या पैलवानाचे दात दिसत होते, आणि मागून कप्तान "ज़ोर लगा के" म्हणाला की सगळे "हइशा" करत होतो. मी फक्त एकच केलं, मूठ सोडली नाही. मग एकदम समोरच्याचा पाय घसरला, आणि आम्ही सगळे एकावर एक पाठीवर पडलो, जिंकून. जोडीदार धावत येऊन माझ्याच अंगावर पडला. मी अर्ध्या बाह्यांच्या बनियनमध्ये, मातीने माखलेला, सगळ्यांच्या गळ्यात पडत होतो आणि सगळे माझ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हात सुजले होते. हातमोजे मी शेवटच्या ओढीला काढून फेकले होते. बायको घाबरली. मी हातांचा फोटो डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"ही सूज कशाची?"

"दोराची, मॅडम."

"मग येऊ द्या," त्या हसून म्हणाल्या. "ही यायलाच पाहिजे. अशीच येते, आपलं काम करते आणि जाते."

आणि खरंच, ती पाहता पाहता गेली. तळहातांवर नवी कातडी धरली, गुलाबी आणि घट्ट.